मजकूर आपला, सही देवाची

दिवाळीच्या अंकात देवाविषयी वाद घालणे म्हणजे वाचकाच्या हातातली चकली खाली ठेवायला लावण्यासारखे आहे, हे मी जाणतो. त्यातून मी ख्रिस्ती आणि पेशाने शिक्षक. तेव्हा हा गृहस्थ आता दुहेरी उपदेश करणार अशी धास्ती काहींनी घेतली असेल. ती धास्ती नको. मला उपदेश करायचा नाही, भांडायचे आहे. आणि तेही परक्यांशी नव्हे, माझ्याच मंडळींशी. मात्र आमचे भांडण ऐकता ऐकता शेजारच्या घरातही भांडी वाजल्याचा भास झाला, तर त्याला माझा इलाज नाही.

भांडण कशावरून? आमच्यात एक बोलण्याची रीत पडली आहे. मुलीला कॉलेजात घालणार का, असे विचारावे तर बाप म्हणतो, ‘प्रभूला विचारले आहे, बघू काय उत्तर येते.’ चार दिवसांनी उत्तर येते आणि मुलगी घरी बसते. नोकरी सोडायची, घर घ्यायचे, मुलाचे लग्न जमवायचे, म्हाताऱ्या आईला कोणाकडे ठेवायचे, सगळीकडे हेच. ‘आम्ही ठरवले’ असे कोणी म्हणतच नाही. ‘प्रभूने मार्ग दाखवला’ असे म्हणतात. ऐकणाऱ्याने यावर मान डोलवायची असते. कारण प्रभूने दाखवलेल्या मार्गावर शंका काढणारा तू कोण, असा प्रश्न त्या वाक्याच्या पाठीशी दबा धरून बसलेला असतो.

मी काही पंडित नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. सकाळी मुलांना शिकवावे, रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा संसार. परंतु वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासून तपासून एक विद्या मला साधली आहे. अक्षर कोणाचे आणि सही कोणाची, हे मी ओळखतो. प्रगतिपुस्तकावर बापाच्या नावाने पोराने केलेली सही लपत नाही. आणि मला स्पष्ट म्हणायचे आहे ते असे, की ‘देवाची इच्छा’ म्हणून आपण जे दाखवत फिरतो त्यातला पुष्कळसा मजकूर आपल्या हातचा असतो. वर फक्त सही देवाची केलेली असते. हा देवावरचा विश्वास नव्हे. शाळेत याला काय म्हणतात ते सांगण्याची गरज नाही.

आता मी जिथे राहतो तिथली गोष्ट सांगतो, म्हणजे हा नुसता शब्दांचा खेळ नाही हे ध्यानात येईल.

न्हावा आणि शेवा ही एके काळी दोन साधी गावे होती. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारा हा किनारा. समोर घारापुरीचे बेट आणि त्याच्या पलीकडे मुंबई. आज ‘न्हावा शेवा’ म्हटले की जगाला गावे आठवत नाहीत, बंदर आठवते. नव्या मुंबईसाठी १९७० पासून जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर चालू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून थेट आमच्या दारात येणारा जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. वर्तमानपत्रांत या तारखांच्या बातम्या झाल्या. आमच्याकडे मात्र प्रत्येक तारखेबरोबर घराघरांत प्रश्न शिरले. मोबदला आला, त्याचे काय करायचे? भूखंड मिळाला, तो विकायचा की त्यावर बांधायचे? आणि सर्वांत मोठा प्रश्न, वाटणी कशी करायची?

हा मोबदला कसा मिळाला हेही विसरू नये. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर उतरला. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच माणसे प्राणास मुकली. त्यांच्या रक्तावर पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. त्या दिवशी दास्तान फाट्यावर कोणी उभा राहून, ‘बाबांनो, जमीन जाणे ही देवाचीच इच्छा आहे, घरी चला,’ असे म्हणाला असता, तर लोकांनी त्याला काय उत्तर दिले असते? जमीन देवाने नव्हे, सरकारी कागदाने घेतली होती, हे आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायाबापड्यांनाही कळत होते. म्हणून त्यांनी हिशेब मागितला.

गंमत अशी, की सरकारकडे पैन् पैचा हिशेब मागणाऱ्या याच किनाऱ्यावर, हिशेब बहिणीला द्यायची वेळ आली की देवाची इच्छा आडवी येते.

उरण-पनवेलच्या या पट्ट्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरे मूठभर; पण जमिनीचा पैसा धर्म पाहून कुणाची मती फिरवत नाही. अशा घरात काय घडते ते पाहा. सासरी नांदणाऱ्या बहिणींना निरोप जातो. संध्याकाळी मेणबत्ती लावून सगळे प्रार्थनेला बसतात. थोरला भाऊ डोळे मिटून सद्गदित आवाजात मार्गदर्शन मागतो. ‘आमेन’ होते. मग तो सांगतो, की घर एकसंध राहावे असे प्रभूच्या मनात आहे. घर एकसंध राहण्याचा उपायही तयारच असतो. बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची. कागद वकिलाकडून टंकलिखित होऊन आलेला असतो, आणि तो प्रार्थनेच्या आदल्या दिवशीच आलेला असतो! म्हणजे उत्तर आधी छापून झाले आणि प्रश्न देवाला नंतर विचारला.

कायदा या बाबतीत मुका नाही. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. हिंदू घरांत वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलीचा समान हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर पक्का झाला. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन ख्रिस्ती मुलींना मुलाच्या वाट्याच्या चौथ्या हिश्शावर, किंवा त्याहून कमी रकमेवर, वाटेला लावत असत. मेरी रॉय नावाच्या बाई उठल्या, भावाच्या विरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि १९८६ साली १९२५ चाच कायदा तिथेही लागू आहे असा निकाल मिळवला. त्याही बाई ख्रिस्तीच. ‘प्रभूची इच्छा’ म्हणून सही करून मोकळे होणे त्यांनाही जमले असते.

बहिणीने आपखुशीने वाटा सोडला तर माझी हरकत नाही. भावावर माया करण्याचा तिलाही अधिकार आहे. माझे भांडण त्या प्रार्थनेशी आहे. कारण भावाने ‘मला हा वाटा हवा आहे’ असे सरळ म्हटले, तर बहीण ‘मलाही हवा आहे’ असे म्हणू शकते. भांडण होईल, पण ते दोन माणसांचे होईल. भावाने देवाला पुढे केले की बहिणीने कोणाशी भांडायचे? मी आजवर असल्या कितीतरी प्रार्थनांची उत्तरे ऐकली. ‘बहिणीला तिचा हिस्सा दे’ असे उत्तर देवाने कुण्या भावाला दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मताशी देवाचे मत दर वेळी इतके तंतोतंत कसे जुळते, याचा कोणी भाविक विचार करील काय?

आणि माझे ख्रिस्ती बांधव बायबल उघडतील, तर हाच खटला प्रत्यक्ष प्रभूपुढे आलेला त्यांना सापडेल. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला विनवतो, की माझ्या भावाला सांगून वतनाची वाटणी करवून द्या. रोजच्या व्यवहारातला याहून रोकडा प्रश्न कोणता? देवाचा पुत्र समोर उभा आहे. विचारण्याची, उत्तर मिळण्याची याहून मोठी संधी कोणती? तरी प्रभूने वाटणी करून दिली नाही. ते आपले काम नव्हे असे त्याला साफ सांगितले, आणि जमलेल्या सर्वांना लोभापासून जपायला बजावले. वाटणी त्याने माणसांवरच सोडली. फक्त वाटणी करणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर दिवा धरला. माझ्या म्हणण्याचा सगळा सारांश या एका प्रसंगात आहे. जे काम प्रभूने समोरासमोर नाकारले, ते आपण त्याच्याकडून डोळे मिटून करवून घेतो!

आमची मंडळी शेजाऱ्यांच्या कौलाला हसतात. गावच्या देवीपुढे गुरव कौल लावतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मनासारखा पडला नाही तर देवीला पुन्हा गाऱ्हाणे घालून पुन्हा लावतो. ‘अंधश्रद्धा हो!’ असे आमचे लोक म्हणतात आणि घरी येऊन काय करतात? डोळे मिटून बायबल उघडतात, पानावर बोट ठेवतात आणि बोटाखाली येईल त्या वचनातून दुकानाचा गाळा घ्यावा की न घ्यावा याचा निकाल लावतात. वचन मनाजोगे नसले तर पान चुकून उघडले गेले असे ठरते. कौल निदान उघड्यावर, चारचौघांत लागतो. आमचा कौल बंद खोलीत लागतो, एवढाच भेद.

ही खोड आजची नाही आणि आपल्याकडचीही नाही. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली तरुणपणी अमेरिकेत जॉर्जियामध्ये धर्मकार्य करत होता. तिथे सोफी हॉपकी नावाच्या मुलीवर त्याचे मन जडले. लग्न करावे की करू नये, ठरेना. १७३७ च्या मार्चमध्ये त्याने मित्रांबरोबर प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर लग्न कर, दुसरीवर या वर्षी विचार नको, आणि तिसरीवर पुन्हा कधीच विचार नको, अशा अर्थाचा मजकूर. तिसरी निघाली. वेस्लीने ती देवाची आज्ञा म्हणून मान्य केली. त्या मुलीने थोड्याच दिवसांत दुसऱ्याशी लग्न केले. आता देवाने ‘विचार सोड’ म्हटले होते ना? पण पुढे याच धर्मोपदेशकाने तिला प्रभुभोजन नाकारले, तिच्या नवऱ्याने फिर्याद ठोकली, गावात दोन तट पडले, आणि वर्ष संपायच्या आत वेस्लीला जॉर्जिया सोडून जावे लागले. चिठ्ठीने हाताला उत्तर दिले होते. मनाला उत्तर देण्याचे काम तसेच राहून गेले होते. वेस्ली थोर पुरुष होता यात शंका नाही. पण त्याचा थोरपणा त्या चिठ्ठीत नव्हता. मोरावियन पंथाचे लोक तर सभासदांची लग्ने चिठ्ठ्या टाकून मंजूर करत. १८१८ साली त्यांच्याच धर्मसभेने सर्वसाधारण सभासदांवरची ही सक्ती उठवली. शहाण्या भाविकांना जे दोनशे वर्षांपूर्वी उमगले ते आम्ही आज पुन्हा विसरून बसलो आहोत.

यावर कोणी म्हणेल, चिठ्ठ्या तर प्रेषितांनीही टाकल्या. होय, टाकल्या. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना टाकल्या. पण त्याआधी योग्य माणूस कोण याचा विचार करून दोघांची नावे त्यांनी स्वतः काढली होती. आणि ही गोष्ट पवित्र आत्मा उतरण्यापूर्वीची. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये वाचून पाहा. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत केवढा बिकट प्रश्न उभा राहिला! परजातीयांनी यहुदी नियम पाळावेत की नाही? तिथे कोणी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सभा भरली, पुष्कळ वादविवाद झाला, एकाने अनुभव सांगितला, दुसऱ्याने शास्त्राचा आधार दिला, मग निर्णय झाला, आणि तो आपल्या नावाने पत्रात लिहून पाठवला गेला. पवित्र आत्म्याचे नाव त्या पत्रात आहे. पण त्याच्याबरोबर आपलेही नाव घालायला ती माणसे कचरली नाहीत. आमच्या घरच्या निर्णयात देवाचे नाव तेवढे असते, आमचे नसते.

आता विरोधकांचे सर्वांत धारदार शस्त्र घेतो. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या अकलेवर विसंबू नये, परमेश्वरावर मनापासून भाव ठेवावा, असा बोध आहे. पुष्कळांच्या घरी हे वचन चौकटीत लावलेले असते. ते सोन्यासारखे आहे. पण ज्या पुस्तकातून ते कापून चौकटीत बसवले, ते पुस्तक सबंध वाचावे. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत. त्यांत मुंगीकडे पाहून शिक असे आळशाला सांगितले आहे. परक्याला जामीन राहू नकोस, चार शहाण्यांचा सल्ला घे, खोटा तराजू वापरू नकोस, असा हरघडीचा व्यवहार त्यात ठासून भरला आहे. रोजचे निर्णय देवच घेऊन देणार असता, तर हे एकतीस अध्याय लिहून घेण्याचा खटाटोप त्याने कशाला केला असता? तिसऱ्या अध्यायातले वचन अकलेचा ताठा सोडायला सांगते, अक्कल सोडायला नव्हे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशी माणसाची टर उडवण्यासाठी वापरतो. हरीच्या जागी प्रभू घातला म्हणून खाटल्यावरचा माणूस भक्त ठरत नाही.

दुसरे शस्त्र म्हणजे पंडिता रमाबाईंचे नाव. ‘बाईंनी सगळे प्रार्थनेवर चालवले, मग आम्ही का नको?’ हे नाव घेतले की वाद संपला असे आमच्या लोकांना वाटते. मला तर तिथूनच वाद सुरू करावासा वाटतो. रमाबाईंची प्रार्थनेवर अचल श्रद्धा होती हे खरेच. पण बाईंनी केले काय ते पाहा. १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले, तेव्हा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती मुदत संपण्याची वाट न पाहता बाईंनी केडगावला जमीन घेतली, फळझाडांची तजवीज केली, विहिरी खणवल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या घरी बसून उत्तराची वाट पाहत राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका सोडवून आणल्या. मुक्तिसदनात विणकाम, छपाई, शेती, तेलघाणा असे उद्योग शिकवले. बायबलचे मराठी भाषांतर करायचे मनात आले, तेव्हा अर्थ आपोआप स्फुरेल म्हणून त्या थांबल्या नाहीत. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम हातावेगळे केले. ज्या जॉर्ज म्यूलरच्या चरित्राने त्यांना धीर दिला, त्या ब्रिस्टलच्या म्यूलरनेही अनाथाश्रमासाठी कोणापुढे हात पसरला नाही. पण जमाखर्चाचे तपशीलवार अहवाल तो वर्षानुवर्षे छापत होता. देवावर विसंबणाऱ्या माणसाची वही अशी असते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाई नव्या ख्रिस्ती, परदेशात, परक्यांच्या आश्रयाला; वर धर्मगुरूंचा शब्द. ही देवाचीच इच्छा असे मानून गप्प बसणे किती सोपे होते! बाई गप्प बसल्या नाहीत. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करायला आपण ख्रिस्ती झालो नाही, या अर्थाची पत्रे त्यांनी लिहिली. माणसांच्या मताला देवाचा आवाज समजायला नकार देणे, हासुद्धा विश्वासाचाच भाग आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तेच. ‘स्मृतिचित्रे’ वाचली नाहीत असे मराठी घर विरळा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणजे देव असे शिकवलेल्या काळातली ही बाई. नवऱ्याला प्रकाश दिसला म्हणून तिने तो उसना घेतला नाही. ताटातूट, हाल, माणसांचे बोलणे सोसले; स्वतःशी झगडली आणि १९०० साली, आपले मन वळल्यावर, स्वतःच्या पायांनी चालत गेली. म्हणून तिच्या निर्णयाला वजन आहे.

मग प्रार्थना करायचीच नाही काय, असे कोणी मला विचारील. अहो, करायची! मी स्वतः करतो. पण ‘काय करू ते सांग’ असे म्हणून हात झटकण्यासाठी नव्हे. मनातला लोभ आणि भीती दिसावी, समोरच्याचा हक्क दिसावा, आपण स्वतःशी खोटे बोलतो आहोत की काय ते कळावे, एवढ्यासाठी निर्णयापूर्वी प्रार्थना हवी. आणि निर्णयानंतर हवी, ती परिणाम सोसण्यासाठी. मधली जागा, जिथे आकडे मांडायचे, माणसांना विचारायचे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, ती देवाने आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूनेच सांगितले. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असा सल्ला मिळाला तेव्हा त्याने तो झिडकारला. आणि तो सल्ला देणारा सैतान होता, शिवाय शास्त्राचा आधार देऊन बोलत होता, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा देवाने त्याची प्रार्थना ऐकली. तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. ताप उतरत नसताना प्रार्थनेच्या नावाखाली डॉक्टरकडे न जाणाऱ्यांनी निदान त्या अंजिरांची तरी आठवण ठेवावी.

एवढे शास्त्र सांगून पटत नसेल तर आमच्या कोळीवाड्यात या. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतो, हात जोडतो, त्याच्या कुटुंबाचे डोळे भरून येतात. त्या भक्तीत काडीची खोट नाही. पण नारळ वाहिला म्हणून त्याने होडीची फट बुजवायची ठेवली, असे कधी झाले नाही. जाळे तोच विणतो, वाऱ्याची दिशा तोच पाहतो. आज उधाण आहे की भांग, हे तो दर्याला विचारत नाही. तिथी मोजून काढतो. पाण्यात गेल्यावर जे आपल्या हातात नाही तेवढेच तो देवावर सोडतो. प्रभूचे पहिले शिष्य याच धंद्यातले होते हा काही योगायोग नसावा.

कादंबरी लिहिणारा म्हणून एक शब्द बोलतो. ज्या पात्राचे प्रत्येक पाऊल लेखकच ठरवतो, ते पात्र बाहुले होते आणि वाचक चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटतो. पात्र आपल्या मनाने वागू लागले, प्रसंगी माझ्या बेतावर पाणी फिरवू लागले, की मी समजतो, आता हे माणूस झाले. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला जे कळते ते उत्पन्नकर्त्याला कळत नसेल, असे मला वाटत नाही.

काहींना माझे बोलणे नास्तिकाचे वाटेल. उलट माझी तक्रार अशी आहे, की आपण देवाला फार हलके काम देतो. ज्याच्यापुढे खोटे टिकत नाही, त्याला आपण खोट्याचा साक्षीदार करतो. आणि गाळा बुडाला, लग्न फसले, बहिणीने बोलणे टाकले, की पुन्हा त्याच्याच माथी मारतो, ‘प्रभू परीक्षा पाहतो आहे.’ निर्णय त्याचा, अपयश त्याचे. आपण मात्र दोन्हीकडून धुतल्या तांदळासारखे! गेथशेमाने बागेत प्रभूने पित्याच्या इच्छेपुढे मान वाकवली, तेव्हा वधस्तंभ त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला. आमच्या घरांत देवाच्या इच्छेपुढे मान आम्ही वाकवतो आणि वधस्तंभ उचलते बहीण, नाहीतर बायको, नाहीतर शाळेतून काढलेली पोर.

तेव्हा माझे मागणे लहान आहे. यापुढे घरात काही ठरले, की ‘हे मी ठरवले’ असे म्हणून पाहावे. ते वाक्य जिभेवर येताना अडखळले, तर ठरवण्यात कुठेतरी खोट आहे असे समजावे. कारण न्यायाने घेतलेल्या निर्णयाखाली आपले नाव घालायला माणूस भीत नाही.

आणि दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे अजूनही कुणाला वाटत असेल, तर त्याने पंचांग पाहावे. भाऊबीज दोन दिवसांवर आली आहे. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत बहिणी ताट घेऊन उभ्या राहतील, भाऊ पाटावर बसेल, डोळ्यांत पाणी आणून ताटात नोट टाकील. आमच्यात ओवाळण्याची रीत नाही, पण बहिणी आमच्यातही आहेत. पाटावर बसण्याआधी भावाने एकदा कपाट उघडावे आणि आत कोणाच्या सहीचा कोणता कागद आहे, तो बाहेर काढून वाचावा. देवाला मध्ये न घेता.